लिस्बन पायी फिरायचंय? गाइड न घेता जुनं शहर कसं बघायचं, एका वसईकरणीकडून

मी वसईत वाढले. शाळेची सहल दरवर्षी किल्ल्यात. छप्पर नसलेली चर्चेस, भिंतीतून उगवलेले पिंपळ, आणि बाईंचं ठरलेलं वाक्य, पोर्तुगीजांनी बांधलं आणि १७३९ मधे चिमाजीअप्पांनी घेतलं. पण हे लोक जिथून आले ते गाव कसं होतं, तिथे आता काय आहे, हे कधी कोणी सांगितलं नाही, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यात तसाच राहिला. नोकरी लागल्यावर पैसे साठवून मी लिस्बनला गेले, आधी एकटी आणि दोन वर्षांनी आईला घेऊन. दोन्ही वेळा गाइड नाही, टूर कंपनी नाही, फक्त पायी. त्यानंतर ओळखीतले बरेच जण विचारतात की कसं फिरलात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

निघायच्या आधी

पहिलं म्हणजे दिवस. "दहा दिवसात सहा देश" वाल्या प्लॅनमधे लिस्बनला अर्धा दिवस मिळतो आणि तो पुरत नाही. तीन दिवस ठेवा. त्यात तीन वेगळे वॉक होतात, एकेक साधारण चार-पाच तासांचा, मधे बसायला वेळ धरून. सोमवार आला तर तो नुसता रस्त्यांवर फिरण्यासाठी ठेवा, कारण बरीच म्युझियम्स त्या दिवशी बंद असतात.

दुसरं चपला-बूट. हे मी फार मनापासून सांगतेय. तिथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचे, मधे काळ्या बेसॉल्टची नक्षी, सगळं हाताने बसवलेलं, दिसायला अप्रतिम, पण वर्षानुवर्षं लोक चालून ते गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की शेवाळलेल्या पायरीसारखे घसरतात. सपाट तळव्याचे बूट चालणार नाहीत. पकड असलेले बूट घ्या, आणि नवीन घेतले असतील तर इथेच महिनाभर वापरून घ्या. शहर सात टेकड्यांवर आहे असं म्हणतात, पायांना त्या सातापेक्षा जास्त वाटतात. म्हणून माझा एकच नियम, चढायचं ट्राम-बसने, उतरायचं पायी. आईचे गुडघे दुखतात तरी ती या नियमामुळे तीनही दिवस फिरली.

तिसरं, मेट्रो स्टेशनवर नावेगांते नावाचं कार्ड मिळतं त्यात पैसे भरून घ्या, मेट्रो बस ट्राम सगळीकडे चालतं. नकाशा फोनमधे ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा. एटीएम वापरताना "मुल्तिबांको" लिहिलेलं शोधा, आणि स्क्रीनने "रुपयात कन्व्हर्ट करू का" विचारलं तर नको म्हणा, युरोतच राहू द्या, नाहीतर रेट वाईट मिळतो.

आणि एक तारीख पाठ करून जा, ती म्हणजे १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सकाळी, ऑल सेंट्स डे असल्यामुळे लोक चर्चमधे जमलेले असताना प्रचंड भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी आली, मग चर्चमधल्या आणि घरातल्या मेणबत्त्या कलंडून लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. लिस्बनमधे कुठेही उभं राहिलात तरी स्वतःला एवढंच विचारायचं की हे भूकंपाच्या आधीचं की नंतरचं? हा एक प्रश्न हातात असला तर गाइडची गरज बरीच कमी होते, शहर आपलं आपण वाचता येतं.

पहिला वॉक: जे पडलं आणि परत उभं राहिलं

सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकातून करा. नकाशावर नाव दिसेल प्रासा दो कोमेर्सियो, पण तिथले लोक अजूनही तेरेइरो दो पासो म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा १७५५ ला गेला, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी नाव लोकांच्या तोंडात राहिलंय. राजवाड्याला लागूनच कासा दा इंडिया होतं, म्हणजे आपल्याकडून गेलेली मिरी आणि मसाले जिथे उतरवून हिशेबात लावायचे ते ऑफिस. तेही त्याच दिवशी गेलं. आता तिथे काहीच दिसत नाही, पण नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि पाण्यात उभे दोन खांब आहेत, तिथे जाऊन दहा मिनिटं बसा. हिंदुस्थानकडे जाणारी जहाजं याच नदीतून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघायची, कारण पुढे मान्सूनचे वारे गाठायचे असायचे, आणि प्रवास साधारण सहा महिन्यांचा. मी तिथे बसले तेव्हा मला वसईची खाडी आठवली आणि बराच वेळ उठावंसं वाटलं नाही.

मग कमानीखालून रुआ ऑगस्टात शिरा. कमानीवर जे पुतळे आहेत त्यात एक वास्को द गामा आणि एक मार्केस द पोंबाल. हा पोंबाल राजाचा मंत्री, त्यानेच शहर परत उभं केलं. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात, आणि इमारतींच्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचिक राहावं. भूकंपाचा विचार करून मोठ्या प्रमाणावर बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या काही वस्त्यांमधली ही एक. रस्त्यांची नावं बघत चला, सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता. पुण्यात तांबट आळी, कासार आळी म्हणतो ना तसंच. रुआ ऑगस्टावर काही माणसं जवळ येऊन हळूच पुड्या दाखवतात, काहीतरी अमली विकायला, त्यांना फक्त नको म्हणून मान हलवा आणि न थांबता चालत राहा, ते मागे लागत नाहीत.

रस्ता संपला की रोसियो चौक, जमिनीवर काळ्यापांढऱ्या लाटा. चौकाच्या उत्तरेला खांबांचं मोठं नॅशनल थिएटर आहे. ते १८४६ चं, आणि त्या जागी आधी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० साली जे इन्क्विझिशन सुरू झालं आणि १८१२ पर्यंत चाललं ते ज्या व्यवस्थेचा भाग होतं तिचं लिस्बनमधलं ठाणं हे. तिथून दोन मिनिटांवर साओ दोमिंगोस चर्च, ते अजिबात चुकवू नका. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं आणि दुरुस्ती करताना जळक्या भिंती, तडकलेले खांब तसेच ठेवले, वर फक्त छत नवीन. दारातून आत गेलात की बोलणं आपोआप थांबतं. बाहेरच्या चौकात १५०६ साली ज्यूंची कत्तल झाली, त्याचं स्मारक आहे, ज्यावर डेव्हिडचा तारा कोरलाय. एखादं शहर आपण केलेलं वाईट काम भर चौकात लिहून ठेवतं याचा मला खूप आदर वाटला.

त्याच चौकात जिंजिन्हा विकणारं एक इवलंसं दुकान आहे, १८४० पासूनचं. आंबट चेरीची दारू, छोट्या ग्लासात, लोक उभ्याउभ्या पितात. चेरीसकट की चेरीशिवाय एवढं फक्त विचारतात. पीत नसाल तर नुसतं बघायलाही मजा येते, सकाळी दहाला आजोबा लोक शांतपणे येऊन एक घेऊन जातात.

आता चढ आहे. चालत जाऊ नका, बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा, आतले लांबलचक सरकते जिने खालच्या बाजूने वरच्या शियादो भागात काढतात, मेट्रोत न बसता नुसते जिने वापरले तरी चालतं. सांता जुस्ता नावाची १९०२ ची लोखंडी लिफ्ट फोटोसाठी प्रसिद्ध आहे पण रांग खूप, बाहेरून बघा.

वर आलात की कार्मो. चौदाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेलं गॉथिक चर्च, भूकंपात छप्पर कोसळलं, आणि पुढे ते परत घातलंच नाही. कमानी आहेत, वर सरळ आकाश, खाली गवत. मला तर तिथे पाऊल टाकल्या टाकल्या वसई किल्ल्यात आल्यासारखं झालं. आपलं चर्च लढाईने आणि मग दुर्लक्षाने उघडं पडलं, त्यांचं भूकंपाने, पण आकाशाखालच्या कमानी त्याच. तिकीट आहे, काढा.

चर्चबाहेरचा छोटा चौक पण महत्त्वाचा. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळीत कार्नेशनची लाल फुलं खोचली, आणि पंतप्रधान कायतानो याच चौकातल्या बराकीत अडकून शरण आला. आपल्याशी संबंध असा की गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते कागदोपत्री मान्य केलं या क्रांतीनंतरच, १९७४ च्या अखेरीस.

शियादोत बेर्त्रांद हे १७३२ पासून चालू असलेलं पुस्तकांचं दुकान, जगातलं सगळ्यात जुनं चालू दुकान म्हणून त्याची नोंद आहे. जवळच कॅफेबाहेर कवी फेर्नांदो पेसोआ खुर्चीत बसलेला ब्राँझचा, शेजारी रिकामी खुर्ची, तो याच भागात १८८८ मधे जन्मला. पुढे कामोइंशचा चौक. हा कवी १५५३ मधे गोव्याला आला होता, गामाच्या सफरीवरचं त्याचं महाकाव्य १५७२ ला छापलं गेलं. पाय शिल्लक असतील तर साओ रोके चर्चला जा, बाहेरून एकदम साधं, आत सोनं आणि रंगीत दगड, आणि सॅक्रिस्टीत (पाद्रींच्या तयारीच्या खोलीत) सेंट झेवियरच्या आयुष्यावरची चित्रांची मालिका. जुन्या गोव्यात बॉम जेझूला जाऊन आलेल्या माणसाला ती चित्रं समजावून सांगावी लागत नाहीत.

खाणं, आणि आपले शब्द

हा भाग मुद्दाम मधे लिहितेय कारण दुपारी भूक लागल्यावरच तो लागतो.

हॉटेलात टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर लगेच हसून परत करा, कोणी वाईट मानत नाही. दुपारी प्राटो दो दिया म्हणजे आजची थाळी विचारा, स्वस्त आणि घरगुती. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, "सें कार्ने, सें पेइशे", मांस नको मासे नकोत, दोन्ही सांगा, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर सुकवलेला कॉड समोर येऊ शकतो. काल्दो व्हेर्दे हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप छान असतं पण त्यात बहुतेकदा सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून सांगा. कॉफी काऊंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, बाहेर खुर्चीवर महाग. छोट्या कडक कॉफीला तिथे बिका म्हणतात. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरत राहा.

आणि कॅफेच्या काचेत "शामुसा" दिसला तर दचकू नका, तो आपला सामोसाच, गोव्याकडून तिकडे गेलेला. पण आत बहुतेक वेळा खिमा असतो.

आईची गंमत इथेच सुरू झाली. तिला इंग्रजीसुद्धा फारसं येत नाही, ती घाबरलेली होती की मी बोलणार काय. आमच्या मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी किल्ली पुढे करून म्हटलं "शाव्हे". आई म्हणाली, अगं, चावी! मग दिवसभर तिला तोच नाद. पाव म्हणजे पाँव, बटाटा म्हणजे बटाटाच, साबण, बादली, कोबी, फीत, घमेलं, पिंप, पगार, सगळे तिकडूनच आलेले शब्द, आणि चहाला ते शा म्हणतात. तिसऱ्या दिवशी आई एकटी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन पाव घेऊन आली. आभार मानायला बाईने "ओब्रिगादा" म्हणायचं आणि पुरुषाने "ओब्रिगादो", आपल्या "आले-आलो" सारखं, हे तिला एकदा सांगून पुरलं. तुमच्यासोबत घरची मोठी माणसं असतील तर निघायच्या आधी त्यांना हे शब्द सांगा, त्यांना परक्या गावात पाय ठेवायला आधार मिळतो.

दुसरा वॉक: जे पडलं नाही

सकाळी लवकर, शक्यतो आठच्या आत, मार्तिम मोनिझ चौकातून २८ नंबरची पिवळी ट्राम पकडा. उशीर केलात तर तासभर रांग, आणि गर्दीत पाकीटमार. हे खरंच होतं, पहिल्या वेळी माझ्या शेजारच्या बाईंची पर्स उघडी सापडली. बॅग पुढे, फोन आतल्या खिशात. गर्दी असेल तर ट्रामचा हट्ट सोडून ग्रासा टेकडीकडे जाणारी बस घ्या, चढ दोन्हीत वाचतो.

ग्रासाच्या गच्चीवजा टेकाडावरून (तिकडे अशा जागांना मिरादोरो म्हणतात) शहर एका नजरेत दिसतं आणि कालचा प्रश्न आता वरून विचारता येतो, सरळ रेघांचा भाग नंतरचा, आणि जिथे गल्ल्यांची गुंतागुंत दिसते तो आधीचा. तिथून उतरत साओ व्हिसेंते चर्च, मग पांढऱ्या घुमटाचं राष्ट्रीय पँथिऑन, म्हणजे नामवंतांच्या समाध्यांची जागा, मूळचं सांता एंग्रासिया चर्च. त्याचं काम १६८२ ला सुरू झालं आणि १९६६ ला संपलं, म्हणून न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक "सांता एंग्रासियाचं काम" म्हणतात. आत गायिका अमालिया रोद्रिगेशची समाधी आहे, तिथे रोज कोणीतरी फूल ठेवून जातं असं वाटतं, मी गेले दोन्ही वेळा ताजी फुलं होती. मंगळवार किंवा शनिवार असेल तर बाहेर फेइरा दा लाद्रा भरतो, जुन्या वस्तूंचा बाजार, टाईल्स, रेकॉर्ड, भांडी. तिथे जुन्या इमारतीतून उखडून आणलेल्या टाईल्स विकायला असू शकतात, त्या घेऊ नका. आपण एक घेतली की कुणाची तरी भिंत उघडी पडते.

पुढे पोर्ताश दो सोल आणि सांता लुझिया, दोन्ही मिरादोरो शेजारी शेजारी. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्यापांढऱ्या टाईल्सचं चित्र आहे, भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक, राजवाड्यासकट. काल जिथे बसलात तीच जागा, हरवण्याच्या आधीची. टाईल्सना तिकडे आझुलेझु म्हणतात, शब्द मूळ अरबी, कारण ११४७ पर्यंत हे शहर मुसलमान राज्यकर्त्यांचं होतं. खालच्या जुन्या वस्तीचं आल्फामा हे नावही अरबीच, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून.

आणि आता आल्फामात उतरा. इथे नकाशा बंद करा. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की फोन गोंधळतो, आणि त्याची गरजही नाही, पायऱ्या खाली जातायत तोवर तुम्ही नदीकडेच चाललाय. हा भाग खडकावर असल्याने भूकंपात बराचसा वाचला. लोक इथे राहतात, दोरीवर कपडे, खिडकीत आज्जी, पिंजऱ्यात पक्षी. हळू बोला, उघड्या दारातून आतले फोटो काढू नका, "बों दिया" म्हणा. हॉटेलांमुळे आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅट्समुळे इथले जुने भाडेकरू कमी होत चाललेत, त्यामुळे पाणी-फळं घ्यायची तर इथल्या छोट्या किराणा दुकानातून घ्या.

जून महिन्यात गेलात तर नशीबवान. १२ जूनची रात्र सांतो आंतोनियोची, प्रत्येक गल्लीत कोळशावर तारली भाजतात, आणि लोक एकमेकांना मांजेरिको देतात, बारीक पानांच्या तुळशीसारख्या रोपाची कुंडी, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता. त्या रोपाला नाक लावायचं नाही, हाताने गोंजारून हाताचा वास घ्यायचा. कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

खाली फादो म्युझियम आहे, फादो म्हणजे इथलं हुरहूर लावणारं गाणं, संध्याकाळी ते ऐकायचं असेल तर आधी तिथे तासभर घालवा. मग नदीला समांतर पश्चिमेकडे चाललात की काझा दोश बिकोश, हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी मढवलेली भिंत. हे घर ज्याने बांधलं तो ब्राश द आल्बुकेर्क, १५१० मधे गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कचा मुलगा. (हापूसमधला अफोन्सो तो हाच म्हणतात.) आता त्यात नोबेल मिळालेल्या लेखक जोझे सारामागोच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची रक्षा. तिथून थोडं चढून "से", म्हणजे कॅथेड्रल. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमधला "से" हाच.

फादो ऐकायला बसताना

जागा छोटी निवडा, वीस-पंचवीस माणसांची. जेवणासकट किती होईल, गाण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे आत शिरायच्या आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी कमीत कमी अमुक इतकं खावं लागतं. गाणं सुरू होताना दिवे मंद होतात आणि मग कोणी बोलत नाही, वेटर थांबतात, काटे-चमचे खाली. आपल्या मैफलीत "क्या बात है" म्हणायची सवय असते, इथे दाद गाणं संपल्यावर. बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार, बस. शब्द कळत नाहीत पण हुरहूर कळते. आई डोळे पुसत होती, मी कारण विचारलं नाही.

तिसरा वॉक: बेलें

शहरापासून साधारण सहा किलोमीटर, १५ नंबरची ट्राम जाते. सकाळी उघडायच्या वेळेला पोचा, तिकिटं आणि काय चालू-बंद आहे ते आदल्या दिवशी सरकारी साइटवर बघून ठेवा. इथे सपाट आहे, चालायला सोपं.

जेरोनिमोस मठाच्या चर्चमधे शिरल्या शिरल्या दोन बाजूंना दोन समाध्या, एक कामोइंश, दुसरी वास्को द गामा. गामा १५२४ ला कोचीनमधे गेला, अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि १८८० मधे इथे आणले. मी तिथे उभी राहिले तेव्हा मनात काय होतं ते सांगणं कठीण आहे, राग होता, कुतूहल होतं, आणि हे पण होतं की आपल्याकडचा बटाटा, मिरची, काजू याच समुद्रमार्गाने आले. घाईने एक काहीतरी ठरवू नका, थोडं उभं राहा. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्रातल्या गोष्टी बघा, मिरीच्या व्यापारावरच्या करातून या बांधकामाला पैसा आला.

बाहेर १८३७ पासून पास्तेल (कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट) विकणारं दुकान, रांग पार्सलची असते, आत बसायला जागा बरीचदा लवकर मिळते. गरम असतानाच दालचिनी भुरभुरून खा. अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. नदीकाठचं दर्यावर्दींचं उंच स्मारक १९६० चं, हुकूमशाहीच्या काळातलं, मी पाच मिनिटात पुढे गेले.

शेवटी बेलें टॉवर. आत जाता आलं नाही तरी चालेल, मला जे दाखवायचंय ते बाहेरून दिसतं. जमिनीच्या बाजूला, पश्चिमेकडच्या कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी मान वर करून बघा, दगडात एका गेंड्याचं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात घातला आणि २० मेला तो इथे उतरला. युरोपात कित्येक शतकांत कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता, जर्मनीत चित्रकार ड्यूररने तर न बघताच नुसत्या वर्णनावरून त्याचं चित्र काढलं. राजाने त्याला हत्तीसमोर सोडलं, हत्ती पळाला. मग पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं. त्याला इथले लोक "गांदा" म्हणायचे, आपल्याच शब्दाने.

खाऱ्या वाऱ्याने त्याचं तोंड आता इतकं झिजलंय की माहीत नसेल तर नुसता गोल दगड वाटतो. आम्ही गेलो तेव्हा बरीच माणसं खाली सेल्फी काढत होती, आणि आई बोट दाखवून त्यातल्या एका छोट्या मुलीला मराठीतच सांगत होती, गेंडा, गेंडा बघ तिथे वर.